टँकमधले बिनतिकीट प्रवासी: चिमुकले तारामासे ठेवावेत की काढावेत?

खारट_कोथरूडकर

मंडळी, सल्ला हवा आहे.

चौदा महिन्यांपूर्वी खाऱ्या पाण्याचा टँक लावला. २०० लिटरचा, खाली सम्प (गाळणीची जोडटाकी), सिरॅमिकचे कोरडे दगड, क्लाउनफिशची एक जोडी, थोडे मशरूम आणि तीन रंगांचे झोआ (दोन्ही पोवळ्यांचे भाऊबंद, दगडाला चिकटून वाढणारे फुलासारखे प्राणी). जानेवारीत मुंबईच्या एका हौशी गृहस्थांकडून झोआचे दोन फ्रॅग (कापून लावलेले तुकडे) आणले. घरी आणून औषधाच्या पाण्यात बुडवून-बिडवून घेतले, पण बहुतेक घाई केली.

तीन आठवड्यांनी पुढच्या काचेवर आतून एक पांढरा ठिपका दिसला. मला वाटलं चुन्याचा डाग. ब्लेडनं खरवडायला गेलो तर डाग जागा सोडून बाजूला. आईच्या पोथी वाचायच्या भिंगातून पाहिलं तर चक्क तारामासा! करंगळीच्या नखाच्या निम्मा. सहा हात, त्यातले तीन धड आणि तीन नुकते फुटल्यासारखे. कुणीतरी अर्धा चघळून टाकलेल्या बिस्किटासारखा दिसत होता.

तेव्हा सगळे मिळून तीन होते. परवा रविवारी रात्री दिवे गेल्यावर मोजले तर ६४. दगडाच्या मागच्या बाजूचे वेगळेच.

हे इथवर गोंडस होतं. पण हिरव्या झोआच्या फ्रॅगवर २२ तोंडं (म्हणजे त्याची एकेक फुलं) होती, त्यातली ९ आठवडाभर मिटलेली आहेत आणि ४ दिसतच नाहीत. त्या जागी दोन तारे बसलेले मी स्वतः पाहिले. इंग्रजी साइटवर निम्मे लोक म्हणतात देवमाणसं आहेत, निम्मे म्हणतात दिसला की काढ. पुण्यात कुणाला अनुभव?

निवांत

ठेवा. दिवा बंद करा. झोपा.

पाणबुड्या

अभिनंदन, तुमच्या टँकला अ‍ॅस्टरिना लागले. (त्यातल्या बऱ्याच जाती हल्ली अ‍ॅक्विलोनास्ट्रा या वंशात धरतात, पण दुकानात ते नाव घेतलंत तर दुकानदार तुम्हाला पाणी विचारेल.) फ्रॅगच्या बुडाला, दगडाच्या भोकात, शेवाळाच्या गुंत्यात बसून येतात. विकत कुणी आणत नाही, तरी प्रत्येकाकडे असतात.

आधी एक खात्री करून घ्या. तुमच्या ताऱ्यांचे हात आखूड आणि शरीराला जोडून असलेले आहेत ना? की मध्ये छोटी टिकली आणि भोवती सापासारखे वळवळणारे केसाळ हात? दुसरा प्रकार असेल तर ते ब्रिटल स्टार. तेही फुकट येतात, दगडाच्या फटीतून नुसते हात बाहेर काढून उरलंसुरलं वेचतात. त्यांच्या वाटेला मुळीच जाऊ नका, त्यांच्यासारखा झाडूवाला मिळणार नाही.

पेठेतला_मी

बिनतिकीट प्रवासी सापडले तर दंड करायचा असतो, इथे तुम्ही त्यांना राहायला २०० लिटरचा ब्लॉक दिलाय. वर वीज, पाणी, जेवण. आमच्या वाड्यात असे भाडेकरू होते, १९६२ पासून. काढायचा विचार सोडा, कोर्टात जातील.

टँकवर पाटी लावा: "काचेवर टिचकी मारू नये. आतील मंडळी बहिरी नाहीत व आपणांस ओळखत नाहीत."

हडपसरी

निवांतराव, झोपून माझं नुकसान झालंय म्हणून सांगतो.

माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी हेच झालं. मी पण "शेवाळ खातात हो, बिचारे" म्हणत बसलो. तीनशे-चारशे झाले असतील. मग एका गुलाबी झोआच्या वसाहतीवर रोज सकाळी पाच-सहा जण चिकटलेले. उचलून बघितलं तर खालची तोंडं पांढरी पडलेली, बुळबुळीत. दोन महिन्यांत ती वसाहत गेली. पैशांचं सोडा, ती मी एका तोंडापासून वाढवली होती.

काढा. चिमट्यानं काढा, सायफनच्या नळीनं ओढा, काहीही करा. रोज वीस. मी रोज सकाळी चहा होईपर्यंत हेच काम करायचो.

सागरिका_त

हडपसरीदादा, वाईट वाटलं. पण तारा मेलेल्या तोंडावर बसला होता की बसल्यामुळे तोंड मेलं, हे कसं ठरवलंत? उकिरड्यावर कुत्री दिसली म्हणून उकिरडा कुत्र्यांनी केला असं म्हणत नाही आपण.

बहुतेक अ‍ॅस्टरिना काचेवरचा आणि दगडावरचा बुळबुळीत थर, डायटम (तपकिरी सूक्ष्म शेवाळ) आणि कोरलाइन (दगडावर चढणारं कडक शेवाळ) खातात. जांभळ्या कोरलाइनवर फिरून गेल्यावर मागे पांढुरके ठिपके राहतात, ते त्यांच्या जेवणाचे. काही थोड्या जाती झोआ कुरतडतात असं अनेक जणांनी पाहिलंय, ते मी नाकारत नाही. पण दर वेळी पहिला संशय त्यांच्यावरच का? झोआ मिटायला शंभर कारणं असतात.

खारट_कोथरूडकर, आकडे टाका. क्षारता, तापमान, अल्कलिनिटी, नायट्रेट, फॉस्फेट. आणि मुख्य म्हणजे मासे दिवसातून किती वेळा जेवतात?

खारट_कोथरूडकर

पाणबुड्या, आखूड हातवालेच आहेत. ब्रिटल स्टारही आहेत हे तुमचं वाचून आत्ता कळलं, सम्पमध्ये वाळूतून हात हलताना दिसले. म्हणजे आणखी भाडेकरू.

सागरिकाताई, आकडे: क्षारता ३५, तापमान २६, अल्कलिनिटी ८.४ डीकेएच, कॅल्शियम ४२०, नायट्रेट २५, फॉस्फेट ०.१५.

जेवण दोनदा. म्हणजे मी दोनदा घालतो. आई दुपारी "थोडंसं" घालते, ते मला कालच कळलं.

निवांत

"थोडंसं" म्हणजे किती हे जगातल्या कुठल्याही आईनं आजवर सांगितलेलं नाही.

सागरिका_त

सापडलं. २५ नायट्रेट आणि ०.१५ फॉस्फेट म्हणजे काचेवर रोज थर येत असणार. ६४ तारे त्या थरावर जगतायत. जेवण कमी झालं की संख्या आपोआप उतरते. शेवाळ खाणारा जीव वाढला म्हणजे शेवाळाला खाद्य मिळतंय, एवढं सरळ आहे.

नुसता_वाचक

सात वर्षं इथे वाचतोय, पहिल्यांदाच लिहितोय. माझ्याकडे टँक नाही, कधी घेणारही नाही (बायको इथे वाचते). पण एक प्रश्न: तीन हात मोठे, तीन छोटे, असं का? कुणी खाल्ले का?

सागरिका_त

स्वागत! नाही, कुणी खाल्ले नाहीत. यांना जोडीदार लागत नाही. तारा काचेवर घट्ट बसतो, त्याचा अर्धा भाग एका बाजूला चालू लागतो, अर्धा दुसऱ्या बाजूला. शेवटी मधून फाटतो. मग प्रत्येक अर्ध्याला उरलेले हात फुटतात. म्हणून जुने लांब आणि नवे आखूड, आणि एकूण पाचच्या ऐवजी सहा, सात, कधी आठही. एकाचे दोन, दोनाचे चार. ६४ हा आकडा बघा बरं, अगदी हिशोबात बसतो. :)

सगळ्या तारामाशांना हे जमत नाही. बहुतेकांना परत वाढायला मधल्या चकतीचा थोडा तरी भाग लागतो. लिंकिया नावाचा तारा मात्र तुटलेल्या एका हातापासून अख्खा तयार होतो. त्या अवस्थेत एक हात लांब आणि त्याच्या टोकाला चार कोंब, धूमकेतू दिसतो तसा. इंग्रजीत त्याला तेच नाव आहे.

पेठेतला_मी

म्हणजे जोडीदाराशी न पटल्यामुळे नव्हे, स्वतःशीच न पटल्यामुळे विभक्त. घटस्फोटाचा खर्च वाचला.

ओवी

शिवाय बिचाऱ्याला धड नाव पण नाही. मासाही नव्हे, ताराही नव्हे. आमच्या प्राणिशास्त्राच्या बाई वर्गात "तारामासा" म्हटलं की दंड करायच्या, "कंटकचर्मी म्हणा!" तेव्हा कंटाळा यायचा, आता आवडतं. मेंदू नाही, रक्त नाही. पाठीवरच्या एका चाळणीतून समुद्राचं पाणी आत घेतो आणि त्याच्याच दाबावर शेकडो नळीसारखे पाय पुढेमागे करतो. कालव्याचं काम चालू असताना मातीचा उपसा करणारं यंत्र बघितलंय ना, तसलं काम, फक्त तेलाऐवजी खारं पाणी. हाताच्या टोकाला डोळ्याचा लाल ठिपका असतो, उजेड-अंधार कळण्यापुरता. आणि जेवायची पद्धत तर विचारूच नका, पोट तोंडातून बाहेर काढून अन्नावर पसरतो.

नुसता_वाचक

हे बायकोनं वाचलं. टँक कायमचा रद्द. धन्यवाद ओवीताई.

शेतकी_काका

मी शेतकी खात्यातून निवृत्त. टँकमधलं मला काही कळत नाही, नातवाचा आहे, मी फक्त विजेचं बिल भरतो. पण हा विषय वाचून राहवलं नाही.

पुणेकरांना बिनतिकीट प्रवाशांचं नवल वाटू नये. गाजरगवत आठवतं? अमेरिकेहून गव्हाबरोबर आलं असं मानतात, आणि भारतात ते पहिल्यांदा नजरेत भरलं ते १९५५ च्या सुमारास आपल्या पुण्यातच. तेव्हा कुणाला वाटलं, छान पांढरी फुलं आहेत. पुढे काय झालं ते रस्त्याच्या कडेला बघा. अंगाला खाज, दमा, जनावरं तोंड लावत नाहीत.

मग १९८० च्या दशकात त्याच्यावर मेक्सिकोहून भुंगा आणला. तो पावसाळ्यात पानं खातो, पावसाळा संपला की जमिनीत जाऊन झोपतो. गवत संपलं नाही, पण भुंगा आहे तिथे जोर कमी होतो. शत्रूचा शत्रू आणताना तो उपाशी राहिल्यावर काय खाईल हे आधी तपासावं लागतं, त्यालाच वर्षं जातात. तुमच्या त्या ताऱ्यांचा असा कुणी भुंगा आहे का?

पाणबुड्या

काका, दंडवत! आहे ना. हार्लेक्विन कोळंबी. पांढऱ्या अंगावर निळे-जांभळे ठिपके, पुढच्या नांग्या पंख्यासारख्या चपट्या. तारामाशाखेरीज ती काही खातच नाही. आणि खाण्याची पद्धत बघवत नाही: ताऱ्याला उलथा पाडते आणि पायांपासून सुरुवात करते, मोठा तारा कैक दिवस पुरवून खाते.

मी जोडी आणली होती. चिमुकले तारे दीड महिन्यात साफ. आणि मग काकांचा प्रश्न माझ्या दारात. दोघं उपाशी. पुन्हा दुकानात जाऊन त्यांच्यासाठी मोठा चॉकलेट चिप तारामासा विकत घेतला, दर आठवड्याला एक हात. फुकट आलेल्या ताऱ्यांपासून सुटका करायला विकत तारे! बायको म्हणाली, तुझ्यासारखं गिऱ्हाईक मिळायला दुकानदारानं पुण्य केलं असेल.

शेवटी आम्ही पाच-सहा जणांनी मिळून उपाय काढला. कोळंबीची भिशी. जोडी दोन महिने बाणेरला, दोन महिने वारज्याला, मग कात्रजला. ज्याचे तारे वाढले त्याचा नंबर. गेल्या वर्षी एकाने "माझ्याकडे अजून आहेत" असं खोटं सांगून दोन आठवडे जास्त ठेवली, कारण मुलीला आवडली होती. भिशीत भांडणं झाली.

निवांत

भिशीत माझा नंबर लावा. मला तारे नाहीत, भांडण आवडतं.

हडपसरी

उकिरडा-कुत्र्याचं उदाहरण छान आहे सागरिकाताई, पण मी तोंडं पांढरी व्हायच्या आधीही त्यांना बसलेलं पाहिलंय. फोटो जुन्या फोनमध्ये होते, फोन गेला. त्यामुळे माझं म्हणणं ग्राह्य धरू नका, पण खोटंही समजू नका.

रत्नांग्रीकर

एवढा खटाटोप कशाला? तो दगड बाहेर काढायचा, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, सगळे तारे साफ. नवा दगड हवा तर आमच्याकडे या, ओहोटीला खडकातून पोवळ्याचे तुकडे मिळतात. फुकटात.

सागरिका_त

थांबा, थांबा! दोन्ही सल्ले धोक्याचे आहेत. विनोदावर जाऊ नका.

एक. झोआ असलेला दगड कधीही, म्हणजे कधीच उकळू नये. काही झोआंमध्ये, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन असतं. निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. १९७१ साली हवाईतल्या अशाच प्राण्यापासून ते पहिल्यांदा वेगळं केलं गेलं, आणि तिथले जुने लोक त्याला भाल्याच्या टोकाला लावत असं सांगतात. दगड उकळला की वाफेतून ते घरभर जातं. परदेशात असे दगड उकळून अख्ख्या कुटुंबांना दवाखान्यात जावं लागलंय. फ्रॅग कापतानाही हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. हाताला जखम असेल तर त्या दिवशी कापूच नका.

दोन. किनाऱ्यावरून पोवळं उचलणं गुन्हा आहे. दगडी पोवळी २००१ साली वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातली, म्हणजे वाघाच्या रांगेत. मेलेला तुकडासुद्धा चालत नाही. त्याच साली समुद्री घोडे आणि समुद्री काकड्याही आल्या. खारट_कोथरूडकरांनी सिरॅमिकचे दगड घेतले हे उत्तम केलं, बाकीच्यांनीही तेच घ्यावं.

रत्नांग्रीकर

माहीत नव्हतं. लहानपणापासून उचलत आलो. खिडकीत दोन तुकडे आहेत आजोबांच्या वेळचे. आता काय करू?

सागरिका_त

आता तरी नवे उचलू नका आणि कुणाला देऊ-विकू नका. बाकी वनखात्यात विचारा.

चिंब

उकळायची गरज नाही, माझा उपाय घ्या. ऑटो टॉप-ऑफची (उडालेलं पाणी आपोआप भरायची) नळी टँकमध्ये सोडून आरओचा नळ चालू ठेवायचा आणि लक्ष्मी रोडला साडी बघायला जायचं.

मी असंच केलं. परत आले तर सम्प ओसंडून हॉलमध्ये पाणी, आणि क्षारता ३५ वरून २७. मासे कसेबसे तगले. तारे मात्र सगळेच्या सगळे मऊ पडून वाळूवर, कालच्या कुरडईसारखे. कंटकचर्मी प्राण्यांना अंगातलं मीठ सांभाळताच येत नाही, बाहेर जेवढं तेवढंच आत. म्हणून तर गोड्या पाण्यात एकही कंटकचर्मी नाही, जगात कुठेच.

दोन कोळंब्या आणि माझा लाडका समुद्री अर्चिनही गेला. त्यामुळे हा उपाय म्हणून नव्हे, पश्चात्ताप म्हणून वाचावा.

पेठेतला_मी

साडी घेतली का?

चिंब

घेतली. फर्निचर पुसायला दुसरी जुनी लागली.

शेतकी_काका

अवांतर होतंय हे माहीत आहे, पण विचारतो. नातवाच्या टँकमुळे मे महिन्यात बिल जवळजवळ दुप्पट येतं. पाणी थंड करायचं यंत्र सारखं चालू. स्वस्त उपाय आहे का?

पाणबुड्या

काका, पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारे दोन छोटे पंखे लावा. बाष्पीभवनामुळे दोन-तीन अंश सहज उतरतात, आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी असते म्हणून. जूनमध्ये दमट झालं की जोर कमी. मात्र उडालेलं पाणी आरओच्या पाण्यानंच भरायचं, खाऱ्या पाण्यानं नाही. पाणी उडतं, मीठ आत राहतं. आणि इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) ठेवा. वीज गेली की माशांना आधी दिवा नाही, हवा लागते.

खारट_कोथरूडकर

पुणेकर असून पाण्यावर भांडण झालं नाही याचं आश्चर्य वाटतंय.

चिंब

होईल की. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो, बोअरचं पाणी. आरओच्या पडद्याचा पार चुराडा. खडकवासल्याचं पाणी मिळतं ते भाग्यवान. तुमच्या कोथरूडला काय कमी!

ओवी

मूळ प्रश्नाकडे येऊ का?

खारट_कोथरूडकर, तुम्ही तारे मोजले दिवे गेल्यावर लगेच, बरोबर? झोआवर रात्री दोन वाजता काय चालतं ते पाहिलंत का? बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावा, गणपतीच्या मखरातला उरला असेल. लाल उजेडाला आतले बरेच जीव बुजत नाहीत. खुर्ची टाकून अर्धा तास बसा. तारे फार हळू चालतात, एका रात्रीत चार तोंडं गायब करणं त्यांच्या चालीत मला बसत नाही. झोआच्या देठांमध्ये, बुडाशी बघा. झोआ खाणारी न्युडिब्रँक (बिनशंखाची समुद्री गोगलगाय) असते, ती ज्या रंगाचा झोआ खाते त्याच रंगाची होते, तोंडासमोर असून दिसत नाही.

निवांत

ओवीताई, रात्री दोनला लाल बॅटरी घेऊन बसलेला माणूस सोसायटीच्या वॉचमनला दिसला तर पुढचा प्रतिसाद पोलीस चौकीतून येईल.

खारट_कोथरूडकर

बसलो. काल आणि परवा.

परवा काही नाही. काल पावणेतीनला हिरव्या झोआच्या बुडाशी एक खडा हलला. शंख. एक सेंटिमीटरसुद्धा नाही, चपटा गोल, त्याच्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटी, जुन्या सिनेमा थिएटरच्या फरशीसारख्या. सोंडेसारखं काहीतरी लांब काढून झोआच्या देठात खुपसलेलं. मी चिमट्यानं उचलला तर आत ओढून घेऊन दार लावून बसला. दारही कसलं, पिळाची टोपी!

रात्री तीन वाजता मी ओरडलो. आई उठली. तिला वाटलं टँक फुटला.

ओवी

सनडायल स्नेल! हेलिअ‍ॅकस. झोआवरच जगते. दिवसा देठांमध्ये दडून बसते, म्हणून दिसत नाही. शाब्बास! बुडवून घेतलं तरी दार लावून बसली की औषध आत जात नाही, म्हणून ती वाचली असणार. आणखी असतील, शोधा. दगडाच्या खाली जेलीसारखी अंडी दिसली तर ती पण पुसून काढा.

सागरिका_त

उकिरडा-कुत्रा. एवढंच म्हणते.

हडपसरी

सापडली म्हणून तारे सुटले असं होत नाही. चोर सापडला म्हणजे शेजारी साधू ठरत नाही. दोघंही खात असतील!

पेठेतला_मी

हडपसरीदादांचा मुद्दा बरोबर आहे. आता तपासाशिवाय गत्यंतर नाही. प्रयोग करा. नाहीतर हा धागा गणपतीपर्यंत चालेल.

खारट_कोथरूडकर

ठरलं. पिल्लं ठेवायची जाळीदार पेटी टँकमध्ये लावली आहे. तिच्यात हिरव्या फ्रॅगचा एक तुकडा (हातमोजे घालून कापला, सागरिकाताई), तपासून, शंख नाही याची खात्री करून. ११ तोंडं, सगळी उघडी. बरोबर दहा तारे. पेटीच्या भिंती घासून स्वच्छ, म्हणजे शेवाळ खायला मिळणार नाही. आठ दिवस.

निवांत

आणि आईनं "थोडंसं" घालू नये.

खारट_कोथरूडकर

आठ दिवस झाले. अकरापैकी अकरा तोंडं उघडी. एकही कुरतडलेलं नाही. तारे पेटीच्या जाळीवरच फिरत होते, तिथे चौथ्या दिवसापासून थर यायला लागला होता.

फक्त एक गोष्ट. दहा ठेवले होते, अकरा निघाले. एक फाटला.

हडपसरी

आठ दिवस कमी आहेत, थर यायच्या आधी ते उपाशी किती होते? आणि माझ्याकडचे वेगळ्या जातीचे असू शकतात. माझे जरा करडे होते. तुमचे?

खारट_कोथरूडकर

पांढरे, मध्ये एक फिकट पिवळा डाग. करडा एकही नाही. दादा, म्हणून तर मी "सगळे निष्पाप" असं म्हणत नाहीये. माझे ठेवतोय एवढंच. आईचं "थोडंसं" आता चिमूट झालंय, नायट्रेट १२ वर आलं, आणि काल रात्री मोजले तर ५१. झोआवरची मिटलेली ९ पैकी ६ उघडली.

आणखी दोन सनडायल सापडल्या. तिन्ही सध्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर, लोणच्याच्या जुन्या बरणीत टँकच्या पाण्यात आहेत. मारायला हात होत नाही आणि खायला झोआ देववत नाहीत. कुणाला अभ्यासाला हव्या असतील तर सांगा.

पेठेतला_मी, तुमची पाटीची कल्पना आईला फार आवडली. बरणीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी आहे: "लोणचे नाही. जिवंत आहे. झाकण उघडल्यास परत लावावे."

पेठेतला_मी

काकूंना साष्टांग नमस्कार. त्यांना सदाशिव पेठेत जागा बघतो.

ओवी

एक गोगलगाय मला चालेल. शनिवारी येते. दार लावून बसते ते मला माझ्या भाचीला दाखवायचंय.